महा थिहा थुरा: हातात सापडलेली चिनी फौज त्याने जाऊ का दिली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहून आल्यावर तुम्ही ब्रह्मदेशाच्या कोनबाउंग घराण्याविषयी वाचायला घेतलंत आणि त्यात तुम्हाला महा थिहा थुरा हा अठराव्या शतकातला सेनापती भेटला. चीनच्या बादशहाच्या फौजा त्याने परतवल्या. पण 1769 मध्ये शत्रू पुरता कोंडलेला असताना त्याने राजाला न विचारता तह केला आणि त्या फौजेला जाऊ दिलं. पुढे 1782 मध्ये त्याला देहदंड झाला. तुम्ही विचारलंत की हा माणूस थोर म्हणायचा की राजद्रोही, आणि त्याची लढण्याची तऱ्हा म्हणजे आपला गनिमी कावाच का?

मला यात खरा प्रश्न एकच दिसतो. समोरची लढाई जिंकता येत असताना ती न लढण्याचा निर्णय सेनापतीने घ्यावा का? बाकीचं सगळं त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

मी सैन्यात होतो, पण माझं काम गोळी चालवण्यापेक्षा गोळी चालवणाऱ्याच्या पोटात अन्न घालण्याचं होतं. नोकरीतला बराच काळ मणिपूर-नागालँडच्या डोंगरांत रसद पोचवण्यात गेला. इंफाळच्या मुक्कामातच ब्रह्मदेशाच्या इतिहासाची गोडी लागली आणि निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. त्यामुळे कोणतीही लढाई वाचताना माझी नजर आधी धान्याच्या पोत्यांकडे जाते, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. तोफखान्यातला एखादा अधिकारी हीच कथा वेगळी सांगेल.

आणखी एक सावधगिरी. या युद्धाच्या हकिकती बर्मी बखरी, चीनची दरबारी दप्तरं आणि सयामी (सयाम म्हणजे आजचं थायलंड) बखरी अशा तीन बाजूंनी येतात. बर्मी बखरकार शत्रूचं सैन्य सढळ हाताने फुगवतात. चिनी दप्तरात पराभवाला पराभव म्हणायची सोय नाही. चियेनलुंग बादशहाने तर या मोहिमेची गणना आपल्या दहा महान मोहिमांत करून टाकली! तेव्हा मी खाली जे आकडे देतो ते अंदाजाचे समजा. घटनांचा क्रम मात्र बराचसा पक्का आहे.

पार्श्वभूमी झटपट सांगतो. 1752 मध्ये दक्षिणेतल्या मोन लोकांनी आवा ही राजधानी जिंकली आणि जुनी राजवट संपवली. त्याच वर्षी मोक्सोबो, म्हणजे आजचं श्वेबो, या गावच्या मुखियाने बंड पुकारलं आणि अलौंगपया हे नाव धारण केलं. कोनबाउंग घराण्याचा हाच संस्थापक. पाच वर्षांत त्याने मोन लोकांची राजधानी पेगू घेतली आणि देश पुन्हा एक केला. महा थिहा थुरा या धामधुमीत तयार झालेला सरदार. ही पिढी खेड्यापाड्यातून वर आलेली होती आणि सतत लढून लढून घडलेली होती. 1756 मध्ये सिरियम बंदर पडलं तेव्हा हाती लागलेले फ्रेंच गोलंदाज अलौंगपयाने नोकरीत घेतले. 1613 मध्ये त्याच सिरियमला पोर्तुगीजांचा पाडाव झाल्यावर कैद करून उत्तरेत वसवलेल्या लोकांचे वंशज आधीपासून राजाच्या बंदुकधाऱ्यांत होतेच. म्हणजे ही फौज भाले-तलवारींची टोळी नव्हती. तिच्याकडे चांगल्या बंदुका होत्या आणि सागवानी ओंडक्यांच्या तटबंद्या उभारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

1760 मध्ये सयामच्या स्वारीवरून परतताना अलौंगपया वारला. 1763 पासून त्याचा मुलगा सिनब्युशिन गादीवर होता. पानिपतानंतरची पाच-सात वर्षं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे काळ जुळेल. या राजाने एकाच वेळी दोन मोठी युद्धं अंगावर घेतली. एकीकडे सयामच्या अयुथ्येला वेढा घातला आणि एप्रिल 1767 मध्ये ती राजधानी जाळून धुळीला मिळवली. दुसरीकडे चीनच्या सरहद्दीवरच्या शान संस्थानांवर हक्क कोणाचा, यावरून चीनशी जुंपली होती. युन्नान या सरहद्दीवरच्या चिनी प्रांताच्या सुभेदारांनी पाठवलेल्या पहिल्या दोन स्वाऱ्या फसल्या आणि 1767 च्या अखेरीस मिंग रुई हा कसलेला मांचू (म्हणजे चीनच्या राजघराण्याच्या जमातीतला) सेनापती निवडक फौज घेऊन उतरला. बर्मी सैन्याचा मोठा भाग तेव्हा सयाममध्ये अडकलेला होता.

आता माझ्या आवडीचा भाग. मिंग रुईची योजना चांगली होती. एक फौज भामोकडून इरावतीच्या काठाने उतरणार आणि तो स्वतः सेनवी, लाशिओमार्गे शान पठार ओलांडून आव्यावर चालून येणार. बर्मी फौज त्याला आडवी गेली आणि गोतेकच्या घळईपाशी हरली. (याच घळईवर पुढे 1900 च्या सुमारास इंग्रजांनी तो प्रसिद्ध रेल्वेपूल बांधून घेतला. फोटो पाहिलात तर तिथून फौज नेणं काय असेल ते कळेल.) मिंग रुई पुढे सरकत आव्यापासून 50 किलोमीटरवरच्या सिंगाउंगपर्यंत पोचला. राजधानीत घबराट उडाली, पण राजा जागचा हलला नाही.

नकाशावर पाहिलं तर चिनी जिंकत होते. आता पोती मोजा. सेनवीपासून तिथवर जवळपास 300 किलोमीटर डोंगरी वाट. 30,000 माणसं धरली आणि माणशी रोज 700 ग्रॅम तांदूळ धरला, तर दिवसाला 21 टन धान्य लागतं. डोंगरातलं खेचर 70 किलोच्या आसपास ओझं वाहतं, म्हणजे रोज 300 खेचरांचा तांडा छावणीत पोचायला हवा. ते दिवसाला 20 किलोमीटर चाललं तर जायला पंधरा दिवस आणि यायला पंधरा. याचा अर्थ वाटेवर कायम 9,000 खेचरं हवीत, आणि यात त्यांचा स्वतःचा दाणा, दारूगोळा, आजारी जनावरं काहीच धरलेलं नाही. ही गणितं मी जीप-ट्रकच्या काळातही करत आलो आहे. दरड कोसळून रस्ता तीन दिवस बंद पडला तरी पुढच्या चौकीवरच्या माणसाचा आवाज बदलतो. मिंग रुईच्या मागे तर शत्रूच फिरत होता.

तो शत्रू म्हणजे महा थिहा थुरा. राजधानी धोक्यात असताना बहुतेक सेनापती राजधानी आणि शत्रू यांच्या मध्ये जाऊन उभे राहतात. दरबारही तेच मागतो. याने आपली फौज शत्रूच्या पाठीमागे नेली, सेनवी-लाशिओच्या बाजूची चिनी ठाणी उठवली आणि वाट तोडली. दरम्यान इरावतीकाठी कौंगटोनच्या लाकडी किल्ल्यात बालमिंदिन या किल्लेदाराने दुसरी चिनी फौज रोखून धरली होती. ती मिंग रुईला येऊन मिळालीच नाही. बालमिंदिनविषयी लोक कमी बोलतात, हे मला नेहमी खटकतं. तो हलला असता तर महा थिहा थुराच्या सगळ्या हुशारीची माती झाली असती.

सिंगाउंगला बसून मिंग रुई कुमकेची वाट पाहत राहिला. कुमक आली नाही, धान्यही आलं नाही. तो मागे वळला तेव्हा सयामहून परतलेले अनुभवी सैनिकही बर्मी फौजेत येऊन मिळू लागले होते. मार्च 1768 मध्ये आजच्या प्यिन ऊ ल्विनजवळ, म्हणजे इंग्रजांच्या मेम्योजवळ, तो चहूबाजूंनी कोंडला गेला. बर्मी बखरीत लिहिलं आहे की रक्ताने मुठी इतक्या निसरड्या झाल्या होत्या की तलवार हातात ठरेना. मिंग रुईने आपली वेणी कापून बादशहाकडे खूण म्हणून पाठवली आणि गळफास घेतला.

यावरून तुमच्या गनिमी काव्याच्या प्रश्नाकडे येतो. रसद तोडणं, डोंगराचा आधार घेणं, शत्रूला आत येऊ देणं, इथपर्यंत साम्य आहे. पण मेम्योला आणि पुढे कौंगटोनला त्याने शत्रूला हुलकावणी दिली नाही. मोठी फौज एकवटून त्याला चारी बाजूंनी कोंडलं आणि समोरासमोर चेचलं. तटबंदी उभारून शत्रूला जागीच बांधून ठेवायचं हे त्याचं मुख्य तंत्र. म्हणून मी तरी त्याला गनिमी कावा म्हणणार नाही.

आता तो तह. 1769 मध्ये चियेनलुंगने आपला सर्वांत विश्वासू माणूस, फू-हेंग, पाठवला. सोबत आलिगुन आणि आ-गुई हे नावाजलेले सरदार होते. बर्मी बखरींच्या हिशोबात 60,000 माणसं. नदीतून उतरता यावं म्हणून त्यांनी नावा बांधायला सुतारही आणले होते. बालमिंदिन पुन्हा कौंगटोनला ठाण मांडून बसला आणि पुन्हा हलला नाही. महा थिहा थुरा खालून नदीने आणि काठाकाठाने वर चढला. त्याच्या लढाऊ नावांनी इरावतीचं पात्र बंद केलं आणि जमिनीवरच्या तुकड्यांनी चिन्यांना किल्ला आणि बाहेरची फौज यांच्या चिमट्यात पकडलं. त्यात हिवतापाने चिनी छावणी पोखरून टाकली. आलिगुन मेला, फू-हेंग अंथरुणाला खिळला. अखेर चिन्यांनी बोलणी लावली.

बर्मी सरदारांचं म्हणणं होतं की आता सोडायचं नाही, सगळी कापून काढू. महा थिहा थुरा नाही म्हणाला. बखरीत त्याचं जे भाषण आहे त्याचा आशय असा: ही फौज मारली तर दुसरी येईल, ती मारली की तिसरी. आपल्याला दुसरी कामं आहेत. कत्तल थांबवू, त्यांची माणसं आणि आपली माणसं सुखाने राहू देत. हे शब्द त्याच्याच तोंडचे असतील याची हमी देता येत नाही, बखरकार भाषणं रंगवतातच. पण त्याने जे केलं ते या विचाराशी तंतोतंत जुळतं. डिसेंबर 1769 मध्ये कौंगटोनला मंडप घालून बर्मी बाजूच्या चौदा आणि चिनी बाजूच्या तेरा अधिकाऱ्यांनी तह केला. कैदी परत करायचे, व्यापार पुन्हा सुरू करायचा, वकिलाती पाठवायच्या, पळून चीनमध्ये गेलेल्या शान सरदारांना आश्रय द्यायचा नाही, अशी कलमं. चिन्यांनी आपल्या नावा जाळल्या, तोफा वितळवल्या आणि उपाशी फौज तापिंग नदीच्या खोऱ्यातून घाट चढून निघाली. घाटात भुकेने आणखी किती मेले याची गणतीच नाही.

मग निर्णय बरोबर की चूक? पुढचं कळलेलं असताना मागच्याला शहाणपण शिकवणं सोपं असतं, म्हणून त्या दिवशी त्याला काय दिसत होतं एवढंच पाहतो. समोरचं साम्राज्य माणसांच्या आणि पैशाच्या बाबतीत ब्रह्मदेशाच्या कैक पटींनी मोठं. पहिल्या स्वारीत सुभेदाराची स्थानिक फौज आली होती, चौथीत बादशहाचा उजवा हात आला. म्हणजे दर पराभवागणिक चिडलेला बादशहा अधिक चांगला सेनापती पाठवत होता. फू-हेंगचं डोकं कापून आव्याला नेलं असतं, तर पाचवी स्वारी टाळणं चियेनलुंगला शक्यच झालं नसतं. आणि इकडे? अयुथ्या जिंकूनही तिथे ठेवायला माणसं उरली नाहीत, म्हणून सयामचा नवा राजा ताकसिन याने 1770 पर्यंत जवळजवळ सगळं सयाम परत घेतलं. ज्या गावांतून शिपाई उचलले जात होते त्याच गावांतून तांदूळ यायचा. माणूस रणात असला की नांगर कोण धरणार? माझ्या हिशोबात एवढं पुरेसं आहे. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं असं म्हणायचं धाडस करत नाही, कारण त्याला मान गमवायची भीती होती आणि मला फार तर बढती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तहाच्या बर्मी आणि चिनी प्रतींत मेळ नव्हता. चिन्यांना वाटलं ब्रह्मदेशाने मांडलिकत्व मानलं, बर्मी म्हणत होते तह बरोबरीचा आहे. त्यामुळे अटी नीट पाळल्या गेल्याच नाहीत. सरहद्दीवरचा व्यापार जवळपास वीस वर्षं बंद राहिला आणि 1788 नंतरच संबंध पुन्हा जुळले. सिनब्युशिनचा राग अगदीच पोकळ नव्हता. युद्ध आणि तह हा राजाचा अधिकार आहे. सेनापतीने तो परस्पर वापरला, आणि वर तहात खोटही राहिली. राजाने आपली प्रत फाडून टाकली. पण पाचवी चिनी स्वारी काही झाली नाही.

यानंतरची गोष्ट मला फार माणसासारखी वाटते. राजा संतापला आहे हे कळल्यावर ही विजयी फौज घरी जायलाच धजेना. जानेवारी 1770 मध्ये ती वळली ती थेट मणिपुरात. तिथला राजा भाग्यचंद्र याने चीनचं युद्ध चालू असल्याचा फायदा घेऊन डोकं वर काढलं होतं. लांगथाबालजवळ लढाई झाली, राजा आसामच्या आहोम दरबाराकडे पळाला आणि बर्मींनी आपला माणूस गादीवर बसवला. राजाचा राग शांत करायला ताजा विजय नेऊन दिला, असा सरळ अर्थ मी लावतो. इंफाळमध्ये मात्र ही हकिकत सांगताना कोणी हसत नाही. तिथे बर्मी स्वाऱ्या म्हणजे ओसाड गावं आणि गुलाम म्हणून नेलेली माणसं. मणिपुरी घोडेस्वारांनी त्याआधी 1730 च्या दशकात आव्यासमोरच्या सगाइंगपर्यंत धुमाकूळ घातला होता, हेही खरं. हाच भाग्यचंद्र पुढे परतला, आणि मणिपूरची रासलीला त्याच्याच नावाने ओळखली जाते. एका सेनापतीला थोर म्हणताना कोणाच्या अंगणात उभे आहोत, यावर बरंच अवलंबून असतं.

आतापर्यंतचं दोन ओळींत सांगतो: 1767-68 ला त्याने राजधानीच्या काळजीत न अडकता शत्रूची रसद तोडली, आणि 1769 ला स्वतःच्या देशाची रसद कुठवर पुरेल हे ओळखून थांबला. दोन्ही निर्णयांमागची बुद्धी मला एकच वाटते.

1775 ची सयामची स्वारी मात्र त्याच्या कीर्तीला शोभणारी नाही. तोवर राजा आजारी, दक्षिणेत मोन लोकांची बंडं आणि सैन्य थकलेलं. 35,000 माणसं घेऊन तो निघाला खरा, पण हाताखालचा सरदार झेया क्याव याला ही मोहीमच मान्य नव्हती आणि तो आपले लोक घेऊन परत फिरला. मोहीम निघतानाच फौज फुटली, यावरून दरबाराची हालत समजते. तरीही त्याने उत्तरेतलं फित्सानुलोक वेढलं. सयामी बखरींत तो आझेवुंकी या नावाने येतो, हे शोधताना लक्षात ठेवा, नाहीतर हाती काही लागणार नाही. शहराचा बचाव चाओफ्रया चक्री आणि त्याचा भाऊ सुरसी करत होते. सयामी कथा अशी की, वृद्ध बर्मी सेनापतीने लढाई थांबवून चक्रीला भेटीला बोलावलं, त्याचं कौतुक केलं आणि तू एक दिवस राजा होशील असं भाकीत केलं. चक्री 1782 मध्ये खरोखर राजा झाला, पहिला राम म्हणून. त्यामुळे ही कथा मागाहून रचलेली असावी असा माझा कल आहे. नव्या राजाला शत्रूच्याच तोंडून आशीर्वाद मिळाला तर कोणत्या बखरकाराला नको असेल?

दुसरी हकिकत मात्र मला पटते. शहरातलं धान्य संपलं म्हणून भाऊ वेढा फोडून निसटले आणि बर्मी आत शिरले. तेव्हा महा थिहा थुरा आपल्या सरदारांना म्हणाला की हे शहर लढाईत हरलं नाही, उपासमारीने हरलं. सयामी आता पूर्वीचे राहिले नाहीत. हे बोलणं त्याचंच असावं असं वाटतं, कारण माणूस ज्या चष्म्यातून स्वतःचे विजय बघतो त्यातूनच दुसऱ्याचा पराभवही बघतो. जून 1776 मध्ये सिनब्युशिन वारला, त्याचा मुलगा सिंगू गादीवर आला आणि त्याने फौजा परत बोलावल्या.

आता देहदंडाविषयी. तुम्ही तो 1769 च्या तहाची शिक्षा समजताय, पण मध्ये तेरा वर्षं गेली आहेत. सिंगू हा महा थिहा थुराचा जावई. त्याला गादीवर बसवण्यात सासऱ्याचा हात होता, पण पुढे त्याच जावयाने त्याला पदावरून दूर केलं. 1782 च्या सुरुवातीला राजवाड्यात उलथापालथ झाली, सिंगू मारला गेला आणि अलौंगपयाचाच आणखी एक मुलगा बोदोपया राजा झाला. त्याने म्हाताऱ्या सेनापतीला पुन्हा दरबारात घेतलं, आणि त्याच वर्षी कटाचा आरोप ठेवून संपवलंही. कटात तो खरंच होता का, हे सोडून द्या. नव्याने गादी बळकावलेल्या राजाला, ज्याच्या एका शब्दावर फौज उठते असा माजी राजाचा सासरा जिवंत ठेवणं परवडत नाही. हा बोदोपया म्हणजे तुम्ही ज्याचा राजवाडा पाहून आलात त्या थिबा राजाचा खापरपणजोबा.

पुढे तीनच वर्षांनी, 1785 मध्ये, बोदोपयाने सयामवर आजवरची सर्वांत मोठी स्वारी काढली. अनेक वाटांनी, एकाच वेळी, स्वतः आघाडीवर. तो दक्षिण ब्रह्मदेशातल्या मर्तबानला पोचला तेव्हा धान्याची व्यवस्थाच झालेली नव्हती. पलीकडे चक्री आता राजा होता आणि कांचनबुरीजवळ लाट-या नावाच्या मैदानात बर्मी फौजेसमोर उभा होता तो फित्सानुलोक लढवणारा त्याचा भाऊ सुरसी. त्याने समोर तटबंदी घालून त्यांना अडवलं आणि मागच्या घाटात लहान लहान तुकड्या पाठवून त्यांचे धान्याचे तांडे लुटायला सुरुवात केली.